कंपन्यांकडून शाळेला पैसे कसे मिळतात?



रविवारी वर्ग चालू असताना कॅफेटेरियाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही तीन पालक कागद पसरून, कपाळाला आठ्या घालून बसलेले असतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. एका छोट्याने मागे विचारलेही, "काका, तुम्हाला पण होमवर्क असतो का?" असतो, बाळा. आणि तो वेळेवर दिला नाही तर काय होते, ते याच लेखात पुढे येणार आहे.

आमचा होमवर्क म्हणजे शाळेसाठी कंपन्यांकडे अनुदानाचे अर्ज करणे. आम्ही तिघेही सॉफ्टवेअरवाले. हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहायला आम्हाला भीती वाटत नाही, पण "तुमच्या संस्थेचे ध्येय शंभर शब्दांत सांगा" या एका प्रश्नाने आमचे दोन रविवार खाल्ले. या खटाटोपात जे शिकलो ते पुढच्या कमिटीला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागू नये, म्हणून लिहून ठेवत आहोत.

मुळात ही वेळ का आली ते आधी सांगतो. आपले वर्ग ज्या पब्लिक स्कूलमध्ये भरतात तिथले रविवारचे भाडे वाढले. इमारत उघडून देणाऱ्या कस्टोडियनचा ओव्हरटाइमही आपणच भरतो, शिवाय विमा आहेच. सगळे धरून फी जवळजवळ दीडपट करावी लागेल असे दिसले. नेमक्या त्याच सुमारास काही घरांतल्या नोकऱ्या गेल्या होत्या. अशी कुटुंबे कधी "फी परवडत नाही" म्हणत नाहीत. "यंदा सॉकर आहे हो" असे म्हणतात आणि यायची थांबतात. अशी दोन मुले गेल्यावर कार्यकारिणीने ठरवले की फीला हात लावण्याआधी बाहेरून पैसे मिळतात का ते पाहायचे.

आता, बाहेरून पैसे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वर्गणी येते. गणपतीच्या आधी पावतीपुस्तक घेऊन जिने चढायचे, दार वाजवायचे, काकूंनी "मागच्या वर्षीइतकेच हं" म्हणून पैसे द्यायचे. वर्गणी देणारा माणूस आपल्याला ओळखत असतो. तो हिशेब मागत नाही, फार तर लाउडस्पीकरबद्दल तक्रार करतो. कंपनी आपल्याला ओळखत नाही. तिला आपण कोण, खरे आहोत का, पैशाचे नेमके काय करणार आणि नंतर ते केले का, एवढे सगळे कागदावर लागते. हे कोणाला अपमानास्पद वाटले तर आमचे म्हणणे असे की ते तसे मुळीच नाही.

महर्षी कर्व्यांचेच पाहा. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि त्यासाठी ते गावोगाव लहानमोठ्या देणग्या गोळा करत हिंडत. १९२० मध्ये मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला १५ लाख रुपये देऊ केले. पण अटी होत्या, आणि त्यांतली एक म्हणजे विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव द्यायचे. तेच ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे आपले एस.एन.डी.टी. आपल्यातल्या किती जणांच्या आया, मावश्या तिथे शिकल्या असतील! नाव बदलले, पण बायकांना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचे काम चालू राहिले. पुढे सत्तरी ओलांडलेले कर्वे याच कामासाठी युरोप-अमेरिकेपर्यंत फिरले. कोणती अट मान्य करायची आणि कोणती नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. आपल्यापुढे तो फारच लहान आकारात येतो एवढेच.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही. इथे उलट बरीच वर्षे प्रश्न असा होता की कंपनीला दान करण्याचा अधिकार तरी आहे का? पैसा भागधारकांचा, मग साहेबांनी तो परस्पर वाटायचा कसा? १९३५ साली कायद्याने कंपन्यांना अशा देणग्यांवर करपात्र उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत करसवलत दिली, तरी शंका मिटली नव्हती.

ती मिटली आपल्या न्यू जर्सीतच. गार्डन स्टेट पार्कवे ज्या ईस्ट ऑरेंजमधून जातो, तिथे ए. पी. स्मिथ नावाची कंपनी होती. रस्त्याच्या कडेला आग विझवायला पाण्याचे जे नळ असतात, ते फायर हायड्रंट आणि व्हॉल्व्ह ती बनवत असे. १९५१ मध्ये तिने प्रिन्स्टन विद्यापीठाला १,५०० डॉलर दिले. काही भागधारकांनी हरकत घेतली आणि प्रकरण कोर्टात गेले. १९५३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने देणगी योग्य ठरवली. आजूबाजूचा समाज शिकलेला आणि निरोगी असला तर कंपनीचाही त्यात फायदा आहे, असा साधारण त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकने नवी रीत सुरू केली. कर्मचाऱ्याने आपल्या कॉलेजला देणगी दिली की कंपनीही तेवढीच भर घालणार. हेच ते मॅचिंग. १९८१ मध्ये करसवलतीची मर्यादा १० टक्के झाली. २०२६ पासून मात्र कंपनीला करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या १ टक्क्यापर्यंतच्या देणग्यांवर सवलत मिळत नाही, त्यावरच्या देणग्यांवरच मिळते. त्यामुळे काही कंपन्या हात आखडता घेतील असे आम्हाला वाटते. पण आपल्यासारख्यांना लागणारी रक्कम एवढी छोटी असते की त्यावरून झोप उडवून घेऊ नये.

आणखी एक आकडा आम्हाला शहाणे करून गेला. 'गिव्हिंग यूएसए' या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२४ साली अमेरिकेत सुमारे ५९२ अब्ज डॉलर दान झाले. त्यात कंपन्यांचा वाटा सुमारे ४४ अब्ज, आणि तुमच्याआमच्यासारख्या व्यक्तींचा सुमारे ३९२ अब्ज! आम्ही मात्र सुरुवातीला मोठ्या कंपन्यांच्या दारातच रांग लावून उभे होतो.

आता कागदपत्रांकडे वळू. आमची सर्वांत जास्त फजिती इथेच झाली.

कंपनी प्रथम विचारते, तुम्ही ५०१-सी-३ आहात का? म्हणजे आय.आर.एस.ने तुम्हाला करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून मान्यता दिली आहे का? त्यासाठी आधी संस्था राज्यात नोंदवावी लागते, मग संस्थेचा ई.आय.एन. क्रमांक घ्यायचा, मग फॉर्म १०२३ भरायचा. छोट्या संस्थांसाठी १०२३-ईझेड नावाचा सुटसुटीत फॉर्म २०१४ पासून आहे, पण 'शाळा' म्हणून मान्यता मागणाऱ्यांना तो चालत नाही. त्यांना लांबलचक मूळ फॉर्मच भरावा लागतो, आणि प्रवेशात वंश किंवा वर्ण पाहून भेदभाव करत नाही असे लेखी धोरणही ठेवावे लागते. ज्या गावांत मराठी शाळा महाराष्ट्र मंडळाच्या पंखाखाली चालते तिथे मंडळाचीच मान्यता उपयोगी पडते. आपली नोंदणी पूर्वीच्या कमिटीने करून ठेवली होती. त्यांचे उपकार आम्ही आयुष्यभर विसरणार नाही.

पण! त्यांनी शाळेचे नाव इंग्रजीत लिहिताना 'शाळा'तल्या 'शा'ला एक ए लावला होता. पुढच्या खजिनदारांनी बँकेत खाते उघडताना दोन लावले. लेटरहेड करणाऱ्याने 'ळ'साठी दोन एल वापरले. इंग्रजीत 'ळ'ला जागाच नाही, त्यामुळे दोष तरी कोणाला द्यायचा? पण कंपनीच्या कॉम्प्यूटरने आय.आर.एस.च्या यादीतले नाव आणि बँकेतले नाव ताडून पाहिले, जुळले नाही, आणि आमचा मंजूर होत आलेला अर्ज परत आला. आयुष्यभर लोकांच्या प्रोग्रॅममधल्या स्पेलिंगच्या चुका काढणारे आम्ही तीन इंजिनियर! खात्याचे नाव दुरुस्त करून घेईपर्यंत त्या वर्षीची मुदत उलटून गेली.

दुसरी गोष्ट याहून गंभीर होती. ज्या संस्थेची वार्षिक मिळकत साधारण ५०,००० डॉलरच्या आत असते, तिला दरवर्षी आय.आर.एस.कडे ९९०-एन नावाचे एक छोटे ई-पोस्टकार्ड भरावे लागते. फी नाही, भरायला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. हिशेबाचे वर्ष डिसेंबरला संपत असेल तर मुदत १५ मे. एखाद्या वर्षी राहिले तर दंड नाही, आणि म्हणूनच ते राहून जाते. मात्र लागोपाठ तीन वर्षे राहिले तर मान्यता आपोआप रद्द होते. पुन्हा अर्ज, पुन्हा फी. २००६ च्या कायद्याने हा नियम आला आणि २०११ साली पहिली यादी लागली तेव्हा देशभरातल्या सुमारे पावणेतीन लाख संस्था एका झटक्यात बाद झाल्या. त्यांतल्या कित्येक आधीच बंद पडलेल्या होत्या, पण सगळ्याच नव्हत्या.

आपले काय झाले? आपले जुने खजिनदार बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेले. पोस्टकार्डाची आठवण देणारी पत्रे त्यांच्या जुन्या पत्त्यावर जात राहिली. आम्ही अर्जासाठी कागद जमवायला बसलो तेव्हा कळले की दोन वर्षांची पोस्टकार्डे गेलेलीच नाहीत आणि तिसऱ्याची मुदत पाच आठवड्यांवर आली आहे. त्या दिवशी संध्याकाळी कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. पाच आठवडे उशीर झाला असता तर देणगीची पावतीसुद्धा देता आली नसती. आता शाळेचा पत्ता म्हणून पोस्टाची पेटी घेतली आहे, आणि १५ मे ही तारीख तीन वेगवेगळ्या घरांतल्या फ्रिजवर लावली आहे.

अर्ज लिहिण्याबद्दल. आमचा पहिला अर्ज तीन पानी होता. त्यात ज्ञानेश्वरांपासून सुरुवात होती, थोर परंपरा होती, सातासमुद्रापार भाषेचा दिवा वगैरे सर्व काही होते. उत्तर दोन ओळींचे आले: नाही. नंतर एका अनुभवी बाईंनी (त्या इथल्या सार्वजनिक वाचनालयासाठी असे अर्ज लिहीत) तो वाचून विचारले, "हे सगळे छान आहे, पण पैसे मिळाले तर सोमवारी तुम्ही काय विकत आणणार?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

मग नवीन अर्ज केला. किती मुले, कोणत्या वयाची, वर्षात किती रविवार, शिक्षक सगळे स्वयंसेवक, मोठ्या वर्गांसाठी मराठी पुस्तकांचे एक कपाट हवे, त्याला पुस्तके, ने-आण आणि कपाट धरून एवढा खर्च, त्यातला एवढा आम्ही उभा करतो, उरलेला आपण द्यावा. एक पान. शेवटी मोठ्या वर्गातल्या मुलांना एकेक वाक्य लिहायला सांगितले होते, मराठी शिकून तुम्हाला काय करता येते? एका मुलीने लिहिले, "आता आजीशी फोनवर बोलताना आईला मध्ये घ्यावे लागत नाही." ते आम्ही इंग्रजी करून जसेच्या तसे घातले. अर्ज मंजूर झाला. फोनवर कंपनीच्या बाईंनी शाळेबद्दल काही विचारले नाही, त्या आजीबद्दल विचारले.

त्या अर्जात एका प्रश्नावर मात्र कमिटीत बराच वाद झाला. बहुतेक कंपन्या धार्मिक कार्यक्रमाला पैसे देत नाहीत, आणि एकाच समाजापुरत्या बंद असलेल्या संस्थेलाही नाहीत. आपण गणपती बसवतो, सरस्वतीपूजन करतो. काहींचे म्हणणे पडले की हे अर्जात लिहूच नये. दुसऱ्या बाजूने विचारणा झाली की मग पैशासाठी आपण गणपती लपवायचा का? शेवटी जे ठरले ते आम्हाला पटते. काही लपवायचे नाही. भाषेचे वर्ग हे शिक्षण आहे, अनुदान त्यासाठीच मागायचे आणि त्यावरच खर्च करायचे. उत्सवाचा खर्च पहिल्यासारखा वर्गणीतून, वेगळ्या हिशेबात. आणि 'सर्वांसाठी खुले' असे लिहायचे तर दार खरोखर उघडे हवे. मराठी नसलेले एक आईवडील मुलाला घेऊन चौकशीला आले होते, तेव्हा आपल्याच एकाने त्यांना "पण तुम्हाला कशाला?" असे विचारले होते. तसे पुन्हा होता कामा नये. तो मुलगा आता दुसऱ्या वर्गात आहे आणि पाढे आपल्या पुष्कळ मुलांपेक्षा खणखणीत म्हणतो.

कुठे अर्ज करावा असे विचाराल, तर मोठ्या फाउंडेशनपेक्षा जवळची बँक, वीज कंपनी, मोठी दुकाने यांच्याकडे आधी पाहावे. उदाहरणार्थ, वॉलमार्टच्या दुकानांमार्फत गावातल्या संस्थांना २५० ते ५,००० डॉलरपर्यंतची स्थानिक अनुदाने मिळतात. मात्र अशा एकाच योजनेवर विसंबून अंदाजपत्रक करू नये. अॅमेझॉनवर खरेदी केली की अर्धा टक्का संस्थेला मिळत असे, ती स्माइल नावाची योजना २०१३ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झाली. आपल्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तिचे पैसे धरलेले होते!

दुकानदारांच्या जाहिरातींबद्दलही थोडे. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला घरे विकणारे एजंट किंवा साड्यांचे दुकान पैसे देते, ते बहुधा दान नसते, स्पॉन्सरशिप असते. नाव आणि चिन्ह छापून आभार मानले तर काही अडचण नाही. पण "यांच्याचकडून घ्या, दहा टक्के सूट" असे छापले की ती जाहिरात झाली, आणि त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. संपादकांनी कृपया लक्ष ठेवावे.

आता मॅचिंग. आमच्या मते खरा पैसा इथेच आहे, आणि तो आपल्याच घरांत पडून आहे. आपले पालक ज्या कंपन्यांत काम करतात त्यांपैकी अनेक जण कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी भर घालतात. काही जण तर स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी-देणगी कार्यक्रम १९८३ पासून चालू आहे. यासाठी संस्थेने बेनेव्हिटीसारख्या कंपन्यांकडे एकदा नाव नोंदवून ठेवायचे. ते आम्ही केले आहे. म्हणजे दर रविवारी वर्ग घेणाऱ्या ताईंचे तास त्यांच्या ऑफिसात नोंदवता आले तर शाळेला त्यांच्या नावाने पैसे येऊ शकतात. स्वतःचे मूल ज्या शाळेत आहे तिथले तास चालतात का, हे मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. ते विचारूनच नोंदवावे.

इथे एक नाजूक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. काही पालकांनी सुचवले, आणि चांगल्या हेतूने सुचवले, की फी भरायचीच आहे, तर ती देणगी म्हणून दाखवू, कंपनी तेवढेच घालेल, शाळेला दुप्पट. असे करता येणार नाही. फीच्या बदल्यात आपल्या मुलाला शिक्षण मिळते, म्हणून ती देणगी नव्हेच. तिच्यावर करसवलतही नाही आणि मॅचिंगही नाही. तसे दाखवणे ही कंपनीची फसवणूक आहे. त्यात त्या पालकाची नोकरी जाऊ शकते आणि शाळेची मान्यताही. फीची पावती वेगळी, देणगीची वेगळी. २५० डॉलर किंवा त्याहून जास्त देणगी दिल्यास करासाठी लेखी पावती लागतेच, आणि तीत बदल्यात काही दिले की नाही तेही लिहिलेले असते. आम्ही त्यावर खोटी सही करणार नाही. कृपया पुन्हा विचारू नये.

पुस्तकांसाठी आलेले पैसे गेल्या हिवाळ्यात खात्यात असताना भाड्याचा हप्ता कमी पडत होता. "तात्पुरते त्यातून देऊ" असा मोह सर्वांनाच झाला. दिले नाहीत. तिघांनी मिळून खिशातून हप्ता भरला आणि मार्चमध्ये परत घेतला. पुस्तकांचे कपाट आता चौथ्या वर्गाच्या खोलीबाहेर आहे. मुलांनो, त्यातली पुस्तके घरी न्या, पण वहीत नाव लिहून न्या, कारण वर्षअखेरीला किती पुस्तके किती वेळा वाचली गेली ते आम्हाला कंपनीला कळवायचे आहे.

मॅचिंग आणि दोन छोटी अनुदाने मिळून यंदा भाडेवाढीचा निम्म्याहून थोडा जास्त भाग निघाला. फी वाढली, पण दीडपट नाही. आधी गेलेल्या दोन मुलांपैकी एक परत आले आहे. दुसऱ्याच्या घरी आम्ही फोन करणार आहोत.

येत्या रविवारी दुसऱ्या तासाला आम्ही नेहमीच्या टेबलाशी असू. येताना आपल्या कंपनीत मॅचिंग आहे का, स्वयंसेवेच्या तासांचे पैसे देतात का आणि वर्षाची शेवटची तारीख कोणती, एवढे एच.आर.ला विचारून या. पुढच्या वर्षासाठी चौथा माणूसही हवा आहे. इंजिनियर नसला तर अधिक बरे.